यादीतलं सातवं नाव

सहाव्या नावापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. ब्रदर एमॉस ट्रिग यांचं नाव आणि पत्ता वाचून झाला, बाकांवरून "प्रभू, दया कर" उठलं, आणि अर्लीनबाई बोल्डन पुढच्या नावाकडे वळणार तेवढ्यात पुन्हा एकदा "प्रभू, दया कर" ऐकू आलं. मध्ये कुठलंही नाव नव्हतं. तिथं असायचं ते नाव अर्लीनबाईंनी स्वतःच्या हातानं यादीतून काढलं होतं, कारण त्या नावाच्या बाईला पुरून आठवडा झाला होता.

त्यांची जीभ सवयीनं श्वासभर थांबली होती, आणि तीनशे माणसांनी सवयीनं ती जागा भरून काढली होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त अर्लीनबाईंनी उरलेली चार नावं घाईघाईनं उरकली. चोवीस वर्षांत त्यांनी नावं कधी उरकली नव्हती.

आमच्या लिटल बेथसैदा बॅप्टिस्ट चर्चमध्ये आजारी आणि घरी अडकून पडलेल्या सभासदांची यादी दर रविवारी प्रवचनाच्या आधी वाचतात. आधी नाव, मग पत्ता, म्हणजे कुणाला भेटायला जायचं असेल तर त्यानं जावं. प्रत्येक नावाला सगळे "प्रभू, दया कर" म्हणतात आणि शेवटी एकदम "आमेन." उपासना आमच्या गॅरी शहराच्या रेडिओवर लागते, त्यामुळे यादीतल्या माणसांनाही अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःचं नाव ऐकू येतं. तेवढ्यानंही काहींना बरं वाटतं. आम्हाला तर फारच बरं वाटतं, आणि खरं दुखणं तिथंच आहे.

अर्लीनबाईंचा आवाज त्या यादीसाठीच केलेला होता. मिसिसिपीहून नऊ वर्षांच्या असताना आईचं बोट धरून त्या उत्तरेला आल्या, आणि पुढं एकतीस वर्षं पोलादाच्या गिरणीतल्या दवाखान्याच्या खिडकीत बसून त्यांनी जखमी कामगारांची नावं पुकारली. बाकीचे कारकून बिल्ल्यावरचा नंबर ओरडायचे. अर्लीनबाई पूर्ण नाव घ्यायच्या, पुढं "मिस्टर" लावून. भट्टीवर भाजून आलेला माणूससुद्धा ते ऐकून जरा ताठ बसायचा. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमान म्हटला की तो वाढतोच. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून यादीची तालीम करायच्या. कुठं आवाज खाली आणायचा, कुठं श्वास घ्यायचा, सगळं ठरलेलं. यादी टंकायचं काम मात्र पाच मिनिटांचं. गेल्या आठवड्याचा कागद समोर ठेवायचा, वरची तारीख बदलायची, बाकी जसंच्या तसं.

"अर्लीन, तू किराण्याची यादी वाचलीस तरी लोक रुमाल काढतील," असं कॅलडोनिया प्रुइट त्यांना म्हणायची. यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिच्या चेहऱ्यावरून कधी कळायचं नाही.

यादीतलं सातवं नाव तिचंच होतं.

कॅलडोनिया चर्चमध्ये डावीकडच्या चौथ्या बाकावर बसायची. नवरा नाही, मूल नाही. दुसऱ्यांची घरं साफ करून आयुष्य काढलेलं, आणि स्वतःच्या घरात कुणी पायपुसणं वाकडं केलं तरी खपायचं नाही. बारा वर्षांपूर्वी अर्लीनबाईंचा नवरा रॉस्को गेला, तेव्हा पहिला आठवडा घर माणसांनी आणि केकांनी भरलेलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून एकटी कॅलडोनिया यायची. "कशी आहेस" असं विचारायची नाही. टेबलाशी बसायची, पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा काढायची, सोलायची, आणि संपल्या की कोट घालून निघून जायची. असे चाळीस दिवस गेले. शेवटी अर्लीनबाईच म्हणाल्या, "कॅली, मला आता शेंगा डोळ्यांसमोर नकोत."

"मग बरी झालीस तू," कॅलडोनिया म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

अशा माणसाचं आपण काही देणं लागतो, हे अर्लीनबाईंना ठाऊक होतं. म्हणून तर पुढचं सगळं त्यांना इतकं जड गेलं.

त्या वर्षीच्या जानेवारीत कॅलडोनिया बर्फावर पडली आणि कमरेचं हाड मोडलं. नाव यादीत गेलं: सिस्टर कॅलडोनिया प्रुइट, मॅडिसन स्ट्रीट, एकोणीसशे चौदा. मे महिन्याच्या शेवटी मॅडिसनवरच्या त्या घरातून तिला निघावं लागलं. मालकानं ते घर दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्लीनबाईंना फोन केला. नव्या खोलीत फोन नव्हता.

"मी हॅरिसनवर जातेय. बावीसशे छत्तीस. मागचं दार, सात पायऱ्या खाली. एकदाच सांगतेय, लिहून घे."

अर्लीनबाई घाईत होत्या. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बायकांचा वार्षिक दिवस, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत येणार, आणि त्या वर्षी भाषण अर्लीनबाईंचं. एका हातात इस्त्री होती. जवळ कागद दिसेना, तेव्हा टेबलावरचा चर्चचा पुठ्ठ्याचा पंखा घेतला. त्याच्या एका बाजूला गुडघे टेकलेल्या मुलीचं चित्र, दुसऱ्या बाजूला मर्तिकाचं सगळं करणाऱ्या दुकानाची जाहिरात. त्या जाहिरातीच्या कडेला त्यांनी पत्ता लिहिला, "झालं लिहून, कॅली, येते मी भेटायला," म्हणाल्या, आणि पंखा खणात टाकला. भाषण उत्तम झालं. लोक उभे राहिले. पंखा खणातच राहिला.

नोव्हेंबरच्या दहा तारखेला हॅरिसनच्या घराची मालकीण महिनाभर मुलाकडे राहून परत आली आणि तिनं खालचं दार उघडलं. कॅलडोनिया दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेली होती. अंगात चर्चचा पांढरा पोशाख होता. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे तरी झाले असावेत.

आता चर्चचे ज्येष्ठ कारभारी, डीकन गॅडसन यांची गोष्ट. वय एक्क्याऐंशी, कानानं अधू, स्वभावानं लोण्याचा गोळा. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना सुटली की यादीतल्या प्रत्येक घरी चर्चच्या स्वयंपाकघरातून चंदेरी कागदात गुंडाळलेलं ताट जायचं. कोंबडी, कोलार्डची पालेभाजी, रताळी, मक्याचा पाव आणि एक कार्ड. ताटं डीकन पोचवायचे. कॅलडोनियाची बातमी ऐकून ते बाकावर मटकन बसले.

"असं कसं होईल? एक तारखेला मी स्वतः गेलो होतो. दार ठोठावून म्हटलं, सिस्टर प्रुइट, चर्च तुमच्यासाठी प्रार्थना करतंय. आतून ती आमेन म्हणाली. या कानांनी ऐकलंय मी!"

एक तारखेला कॅलडोनिया जिवंत नव्हती. दोन दिवस चर्चला तो चमत्कार वाटला. बायका एकमेकींना हातावरचे काटे दाखवत होत्या. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात आलं की डीकन गेले ते मॅडिसनला, आणि बाई मेली ती हॅरिसनला. मग ती चोरी झाली.

सहा महिने चर्चनं आपलं काम अगदी चोख केलं होतं, फक्त भलत्याच दाराशी. तिथं, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून, कुणी एक पुरुष दाराआड बसून आजारी म्हातारीची ताटं गिळत होता आणि वर तिच्या नावानं आमेन म्हणत होता. संतापायला केवढी सोय झाली! कॅलडोनियाच्या मयतीला चर्च ओसंडून वाहिलं. नंतरच्या जेवणाला दोनशे माणसं होती. जिवंत असताना तिला एक पुरलं असतं.

हॅरिसनची खोली आवरायला अर्लीनबाई आणि चर्चच्या दोघी गेल्या. त्या दोघी कपडे बांधत होत्या तेव्हा अर्लीनबाई रेडिओपाशी उभ्या होत्या. त्याच्या वर भिंतीला कॅलेंडर टांगलेलं होतं, आमच्याकडे घरोघरी असतं तेच, त्याच मर्तिकाच्या दुकानानं वाटलेलं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या चौकोनात पेन्सिलीनं दोन शब्द लिहिलेले होते: "पुन्हा मॅडिसन." जूनच्या पहिल्या रविवारी तेच. दुसऱ्या रविवारी तेच. अर्लीनबाईंनी पानं उलटली. बावीस रविवार. ऑक्टोबरच्या पंचवीस तारखेला शेवटचं "पुन्हा मॅडिसन", अक्षर वाकडं झालेलं, आणि त्यापुढं चौकोन रिकामे.

म्हणजे ती ऐकत होती. दर रविवारी रेडिओ लावून, पांढरा पोशाख घालून, आपलं नाव आपल्या मैत्रिणीच्या त्या नावाजलेल्या आवाजात ऐकत होती, आणि नावामागून चुकीचा पत्ता. सात पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. मालकिणीकरवी निरोप धाडता आला असता. पण तिनं एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे मागणं, आणि मागायची तिला सवय नव्हती.

अर्लीनबाईंनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि कोटाच्या आत, छातीशी लपवलं. घरी येऊन खण उघडला. पंखा वरच होता.

त्या दिवसापासून घरात काहीतरी बदललं. कॅलडोनिया भुतासारखी आली नाही. न बोलावता येणं तिच्या स्वभावातच नव्हतं. अर्लीनबाईंना छळायला लागला तो त्यांचाच आवाज. किटली ठेवावी तर कानात घुमायचं, "मॅडिसन स्ट्रीट, एकोणीसशे चौदा." शब्द स्वच्छ, श्वास जागच्या जागी, शेवटी आवाज थोडा खाली आणलेला. त्यांनी रेडिओ लावायचं बंद केलं. टेबलाशी बसणं बंद केलं, कारण शेंगा सोलताना कॅलडोनिया बसायची त्या समोरच्या खुर्चीकडे बघवेना. आणि रविवारी भर चर्चमध्ये, नाव काढून टाकलेलं असताना, सगळ्यांनी त्या जागी "प्रभू, दया कर" म्हटलं.

शुक्रवारी त्या सगळं सांगून टाकायचं ठरवून पाळकांच्या खोलीत गेल्या. रेव्हरंड क्लेबर्न काही वाईट माणूस नव्हते. गिरणीनं निम्मं गाव घरी बसवल्यापासून ते चर्चच्या तळघरात आठवड्यातून दोनदा सूप वाढायचे आणि भांडीही स्वतः घासायचे. डीकन गॅडसन तिथंच बसलेले होते.

"बरं झालं आलात, सिस्टर बोल्डन," रेव्हरंड म्हणाले. "बाहेरची पाटी पाहिलीत?"

पाहिली होती. हिरवळीवरच्या पाटीत रविवारच्या प्रवचनाचं नाव मोठ्या अक्षरांत लागलं होतं: "आमच्यातला आखान." देवाची वस्तू चोरून तंबूत पुरणारा आखान कोण, हे आमच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. लोकांनी त्याला धोंडमार करून मारलं, हेही.

"त्या माणसाला घराबाहेर काढणार आहात?" अर्लीनबाईंनी विचारलं.

"मी कुणाला काढत नाही. पण लोकांना उत्तर हवंय. ताट आपण एक महिना चुकवलं नाही. आपण आपलं काम केलं."

"पण पत्ता..."

"पत्ता तिनं बदलला, कळवला नाही. गेलेल्या माणसाला मी दोष देत नाही. पण मेलेल्या बाईच्या नावानं आमेन म्हणणाऱ्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!"

अर्लीनबाईंनी पर्स मांडीवर घेतली. त्या डीकनकडे वळल्या. "डीकन, तो पुरुषाचा आवाज. तुम्हाला ओळखू आला नाही?"

"बारीक होता. घोगरा. वाटलं, सर्दी झाली असेल."

"सहा महिने सर्दी?"

"माझ्या कानांना सगळं जगच सर्दी झाल्यासारखं बोलतं, सिस्टर."

"मग दार उघडेपर्यंत थांबायचं होतं."

डीकननी टोपी गुडघ्यावर फिरवली. "गाडीत आणखी दहा ताटं होती. गार होत होती," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

हीच वेळ होती. पंखा अर्लीनबाईंच्या पर्समध्ये होता, हात पर्सच्या चापावर होता. तो दाबला की चोवीस वर्षांचा मान, ती जागा, तो माइक, सगळं जाणार. त्या म्हणाल्या, "बरं, येते," आणि निघाल्या. बाहेर आल्यावर त्यांना स्वतःची शिसारी आली.

मग शनिवारी दुपारी त्या मॅडिसनला गेल्या. कशासाठी, हे त्यांनी मान्य केलं नसतं, पण मनात एकच होतं: तो माणूस पक्का हरामखोर निघावा. दारुडा, निर्लज्ज, तोंडावर हसणारा. म्हणजे अर्धा भार तरी त्याच्या डोक्यावर टाकता येईल.

मॅडिसनवर निम्म्या घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आहेत. एकोणीसशे चौदाच्या दारावर कुणीतरी लाल रंगानं "चोर" लिहिलं होतं. रंग अजून पुरता वाळला नव्हता. हा पत्ता गावाला कुणी शिकवला? त्यांनीच शिकवला होता, दर रविवारी, स्वच्छ उच्चारात.

त्यांनी ठोठावलं. काही नाही. पुन्हा ठोठावलं. आत कुणीतरी खोकलं आणि गप्प झालं. डीकन इथूनच परत फिरत असणार. सरोवराकडून वारा असा येत होता की बोटं बधिर झाली. अर्लीनबाई उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं कडी निघाली.

पन्नाशीचा, काडी झालेला माणूस. घरात असून अंगात कोट, डोक्याला लोकरीची टोपी. त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "आज जातोय मी, बाई. सामान बांधलंय. पोलिसांना सांगायची गरज नाही."

"मला कुणी पाठवलेलं नाही. मी अर्लीन बोल्डन."

त्यानं मान वर केली. "पुन्हा बोला बघू."

"काय बोलू?"

"दवाखान्याची खिडकी," तो म्हणाला. "कोक कोळशाच्या भट्टीवरून आम्हाला आणायचे तेव्हा तुम्ही पुकारायचात. मिस्टर होझिया टार्व्हर. मला मिस्टर म्हणणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं."

अर्लीनबाईंना हरामखोर हवा होता, आणि निघाला हा.

आत चूल थंड होती, वीज तोडलेली होती. खिडकीच्या पट्टीवर सहा कार्डं ओळीनं उभी होती: "प्रिय सिस्टर प्रुइट, आम्ही तुम्हाला विसरलो नाही." ओट्यावर हिरव्या काठाच्या सहा ताटल्या, घासून पुसून एकावर एक रचलेल्या. चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बायका गेले कित्येक महिने त्याच शोधत होत्या.

"परत करायच्या होत्या," टार्व्हर म्हणाला. "पण गेलो तर विचारणार, तू कोण, कुठं राहतोस. हे घर माझं नाही. रिकामं दिसलं म्हणून शिरलो."

"ती बाई इथं राहत नाही, एवढं तरी सांगायचं होतं!"

"सांगणार होतो. पहिल्यांदा भूक फार लागलेली होती. दुसऱ्यांदा लाज वाटली. तिसऱ्यांदा दार उघडलं, तोवर म्हाताऱ्याची गाडी कोपऱ्यावर गेलेली. मग म्हटलं, चर्चला ठाऊक असणारच. आपलं माणूस कुठं राहतं हे चर्चला ठाऊक नसेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का?"

अर्लीनबाईंनी खाली बघितलं. "आणि आमेन?"

"कुणी दाराशी येऊन म्हणालं की आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय, तर काय म्हणतात? माझ्या नावानं नव्हती, कळतं मला. पण दारात मीच होतो ना." तो खोकला. खोकला बराच वेळ थांबेना. मग त्यानं विचारलं, "ती बाई मी तिचं खाल्लं म्हणून गेली का?"

"नाही," अर्लीनबाई म्हणाल्या. आणि मग ते निघालंच तोंडातून. "तिनं मला नवा पत्ता सांगितला होता. मी तो एका पंख्यावर लिहिला आणि खणात टाकला."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मग ते दारावर लिहिलंय ते?"

अर्लीनबाईंनी दाराकडे पाहिलं.

"बसमधून पाटी वाचली मी. उद्या उपासना सुटली की लोक इकडे येणार. त्याआधी निघतो. मॅडिसनवर रिकामी घरं काय कमी आहेत?"

"असल्या थंडीत? छाती ऐकलीत का तुमची?"

"आधी सवय होतीच."

त्या उठल्या, घरी गेल्या, आणि तासाभरात परत आल्या. एका हातात गरम सुपाचं भांडं, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला छोटा रेडिओ. नव्या बॅटऱ्या घातलेल्या होत्या.

"उद्या अकराला लावा. यादी संपेपर्यंत इथून हलायचं नाही. माझं एवढं ऐका, मिस्टर टार्व्हर."

त्या संध्याकाळी त्यांनी यादीची तालीम केली नाही. कोरा कागद यंत्रात घातला आणि एकेक पत्ता फोनवर विचारून नव्यानं टंकला. बारा नावं. त्यातले तीन पत्ते चुकीचे निघाले. एका घरून सांगितलं की ब्रदर ट्रिग ऑगस्टपासून मुलीकडे आहेत, आणि चर्चमधून कुणी विचारायला आलं नाही म्हणून नाराज आहेत.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. आखानाचं प्रवचन ऐकायला कधी न येणारेही आले होते. अर्लीनबाई माइकपाशी गेल्या तेव्हा त्यांच्या काखेत कॅलेंडर होतं. पहिली सहा नावं नेहमीसारखी गेली. मग त्या थांबल्या, आणि बाकांवरून सवयीनं "प्रभू..." सुरू होणार तोच म्हणाल्या:

"सिस्टर कॅलडोनिया प्रुइट. हॅरिसन स्ट्रीट, बावीसशे छत्तीस. मागचं दार. सात पायऱ्या खाली."

कुणी "दया कर" म्हटलं नाही. गायकांतल्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला.

"हा पत्ता मला मे महिन्यात मिळाला होता. तिनं स्वतः फोन केला होता. मी या पंख्यावर लिहून घेतला. हे माझं अक्षर. आणि हे तिचं." त्यांनी कॅलेंडर वर धरलं. आवाज, तो नावाजलेला आवाज, फुटला होता. "ती रेडिओवर ऐकत होती. बावीस रविवार मी तिला भलत्या घरी पाठवलं आणि बावीस रविवार तुम्ही दया कर म्हणालात. आपल्यापैकी एकही उठून गेलं नाही. मी तर गेलेच नाही. रॉस्कोच्या वेळी ती माझ्याकडे चाळीस दिवस आली होती."

रेव्हरंड खुर्चीतून अर्धे उठले. "सिस्टर बोल्डन, हे आपण नंतर..."

"बसा, रेव्हरंड. यादी संपलेली नाही." त्यांनी कागद सरळ केला. खिडकीतून पुकारत तसं, स्वच्छ, पूर्ण नाव घेतलं. "मिस्टर होझिया टार्व्हर. सभासद नाहीत. मॅडिसन स्ट्रीट, एकोणीसशे चौदा. छातीनं आजारी. वीज नाही, चूल नाही. आपल्या ताटल्या त्यांनी घासून ठेवल्या आहेत. त्यांनी काही चोरलेलं नाही. आपणच सहा महिने त्यांच्या दाराशी ठेवत होतो, आणि मला वाटतं, या साऱ्यात तेवढंच आपल्या हातून बरं झालं. ठोठावल्यावर ते उशिरा उघडतात. थांबावं लागतं."

मग त्यांनी उरलेली चार नावं वाचली. शेवटचं नाव झालं तेव्हा मागून कुणीतरी, बिचाऱ्या सवयीनं, "आमे..." म्हणायला लागलं.

"आमेन नको," अर्लीनबाई म्हणाल्या. "कोट घाला."

रेडिओचा माणूस काचेआडून हात हलवत होता, काहीतरी बोला म्हणून. तेवढ्यात पुढच्या बाकावरून डीकन गॅडसन उठले, टोपी शोधू लागले, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात शेजाऱ्याला म्हणाले, "एकोणीसशे चौदाच ना? या वेळी थांबतो मी. संध्याकाळ झाली तरी थांबतो." त्यांच्यामागून दोघी उठल्या, मग आणखी कुणी. सगळे उठले असं मी म्हणणार नाही. बरेचसे बसून राहिले, प्रवचनाची वाट बघत. पण प्रवचन झालं नाही. रेव्हरंड क्लेबर्न उभे राहिले, पवित्र शास्त्र उघडलं, मिटलं, आणि कोट आणायला आत गेले.

मंगळवारी चर्चच्या मंडळानं यादीचं काम अर्लीनबाईंकडून काढून घेतलं. चूक झाली म्हणून नव्हे, असं सांगितलं, तर उपासनेत शिस्त हवी म्हणून. आता यादी दुसरी बाई वाचते, चांगली वाचते. सहाव्या नावानंतर तीही जराशी थांबते, आणि त्या जागी कुणी काही म्हणत नाही. होझिया टार्व्हर डीकन गॅडसन यांच्या मागच्या खोलीत राहतो. दोघं दिवसभर एकमेकांवर ओरडतात, एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला खोकल्यामुळं बोलता येत नाही. अर्लीनबाई रोज एका दाराशी जातात. ठोठावतात, पूर्ण नाव घेतात आणि उभ्या राहतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी दुपारी त्या घरी आल्या, कोट न काढताच टेबलाशी बसल्या, आणि कॅलेंडर समोर ठेवून पेन्सिल घेतली. नोव्हेंबरच्या एकोणतीस तारखेच्या चौकोनात त्यांनी लिहिलं, "हॅरिसन." त्याच्या वरचे चार चौकोन रिकामे होते. तिथं काय लिहायचं ते त्यांना कळेना. अंधार पडेपर्यंत त्या पेन्सिल धरून तशाच बसल्या होत्या, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं.